पुंजाभाऊंनी निवडलेलं विमान

नाशिकमध्ये निमाणीच्या बसस्टँडसमोर माझं विमान-तिकिटांचं ऑफिस आहे. बावीस वर्षं मी लोकांना विमानात बसवते आहे, आणि एवढ्या वर्षांत मला एक गोष्ट पक्की कळली आहे. गिऱ्हाइकाला निवड करायला लावू नये. चार विमानं दाखवली की माणूस पाचवं विचारतो, मग घरी जाऊन मेव्हण्याशी चर्चा करतो, आणि शेवटी मी पहिल्यांदा सांगितलेलंच घ्यायला येतो. तोवर ते भरलेलं असतं. म्हणून मी सरळ सांगते, हे घ्या, यातच तुमचं भलं आहे. लोक मला तोंडाळ म्हणतात. म्हणोत बापडे. ‘दीपमालाबाईंनी सांगितलं म्हणून फसलो’ असं अजून कोणी म्हटलेलं नाही.

पुंजाभाऊंच्या वेळी मात्र मी तोंड बंद ठेवलं. ते मला अजून खातं आहे.

पुंजाभाऊ आडगावचे. वय त्रेसष्ट. पिंपळगावच्या रस्त्यावर द्राक्षांचं एक मोठं पॅकहाऊस आहे, तिथे सव्वीस वर्षं सुपरवायझर. बागेतून माल येतो, बायका कात्रीने एकेक खराब मणी काढतात, घड खोक्यात बसवतात, खोकी गार खोलीत जातात आणि तिथून थंड कंटेनरमध्ये भरून जहाजाने युरोपला. हे सगळं पुंजाभाऊंच्या नजरेखालून व्हायचं. अंगाने किडकिडीत, डोक्याला टोपी, सदऱ्याच्या खिशात छोटी कात्री आणि खडू. बोलणं इतकं हळू की दीडशे बायका या माणसाचं ऐकतात कशा, याचं मला नवल वाटायचं. त्यांच्यातल्याच एकीने मला सांगितलं, की ते ओरडत नाहीत. नुसते शेजारी येऊन उभे राहतात आणि आपण उचललेला घड पुन्हा खाली ठेवायला लावून देठाला धरून उचलायला लावतात. मण्याला बोट लागलेलं त्यांना खपायचं नाही.

पॅकहाऊसचे मालक दोन-तीन वर्षांतून एकदा युरोपातले बाजार बघायला जायचे. त्यांचे पासपोर्ट घेऊन पुंजाभाऊ माझ्याकडे येत. स्वतः कधी विमानात बसले नव्हते, पण मुंबईच्या बंदरातून सुटलेलं जहाज कुठे कुठे थांबत रॉटरडॅमला पोचतं, हे त्यांना तोंडपाठ. मी एकदा चिडवलं, “भाऊ, मालक दर वेळी जातात, तुम्ही कधी जाणार?” तर म्हणाले, “माझा माल जातोय की ताई.” आणि खरंच त्यांना त्याचं वाईट वाटत नव्हतं.

त्यांना एकच मुलगी, रूपाली. नाशिकच्या कॉलेजात इंजिनिअर झाली, लग्न करून नवऱ्याबरोबर अमेरिकेत न्यू जर्सीला गेली. जावई जीवन साधा मुलगा, मनमाडच्या रेल्वेतल्या माणसाचा पोरगा. त्यांना सहा वर्षांची आरोही. लग्नानंतर तिकडे जायची तिकिटं मीच काढली होती आणि रूपाली मला मावशी म्हणायची. गेल्या वर्षी तिला पोटाचा कॅन्सर निघाला. उशिरा सापडला. आठ महिने उपचार झाले, आणि जानेवारीच्या शेवटी तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आता आणखी औषध देण्यात अर्थ नाही.

पुंजाभाऊ आणि त्यांची बायको झुंबरबाई, दोघांच्याही व्हिसाची तारीख लांबची होती. तातडीचा अर्ज मीच भरला होता. पण रूपालीने फोन करून सांगितलं, “तुम्ही येऊ नका. मीच येते. मला आपल्या घरात झोपायचंय.” वडिलांना ती नाना म्हणायची. जीवनला म्हणाली, “कसं न्यायचं ते नानांना ठरवू दे. नानांनी पाठवलेला माल कधी फुटत नाही.” जीवन बिचारा हॉस्पिटलच्या पायऱ्या झिजवून थकला होता. त्याने खर्चाचं सगळं स्वतःकडे घेतलं आणि निवड सासऱ्यांवर सोपवली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी दुपारी नवरा-बायको माझ्याकडे आले. हंगाम ऐन भरात होता आणि पुंजाभाऊ कामावर नव्हते, यावरूनच मी काय ते समजले. पुंजाभाऊ खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, “ताई, पोरगी आनायचीय. झोपवून.”

बिझनेस क्लासचं गिऱ्हाईक माझ्याकडे येतं ते हौसेचं. लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, बिल्डरची स्वित्झर्लंडची सहल, नाहीतर मुलाने आईबापांना दिलेली भेट. त्यांना मी फोटो दाखवते. काचेचे पेले, पांढरा पागोट्यासारखा घडी केलेला नॅपकिन, पाय पसरून हसणारी बाई. सवयीने मी तेच फोटो स्क्रीनवर उघडले आणि माझी मलाच लाज वाटली. पुंजाभाऊंनी पेल्याकडे बघितलंही नाही. बोट ठेवलं ते थेट खुर्चीवर. “ही पूर्न सपाट होती का उतार राहतो?”

काही विमानांत उतार राहतो, मी म्हटलं, ती आपण काढून टाकू.

“लांबी?”

साडेसहा फूट.

“रुंदी?”

खांद्यापाशी बावीस इंच, पायाकडे निमुळती. वेगवेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी.

मग त्यांनी खिशातून खडू आणि स्टीलची टेप काढली, आणि माझ्या ऑफिसच्या फरशीवर मोजून तो बिछाना आखला. बाकावर दुबईच्या सहलीची चौकशी करायला आलेलं एक जोडपं बसलं होतं, ते बघतच राहिलं. पुंजाभाऊंनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि त्या रेघांच्या आत आडवे झाले. आधी उताणे. मग डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. “ती अशी झोपती. पोटात दुखतं म्हनून.” त्यांचे गुडघे खडूच्या रेघेबाहेर गेले होते. ते तसेच पडून गुडघ्यांकडे बघत राहिले.

“मावंल ती,” झुंबरबाई खुर्चीतूनच म्हणाल्या. “अडतीस किलो राह्यलीय.”

दुबईवालं जोडपं उठून गेलं. मी त्यांना थांबवलं नाही.

पुढचा दीड तास पुंजाभाऊंनी मला जे प्रश्न विचारले ते बावीस वर्षांत कोणी विचारले नव्हते. विमानाच्या दारापर्यंत चाकाची खुर्ची जाते का, की मध्ये बस बदलावी लागते? बसमध्ये किती वेळ उभं ठेवतात, उन्हात की सावलीत? आत थंडी किती, आणि ती मधल्या रात्री आणखी वाढवतात का? हादरे पुढे कमी का मागे? जीवन शेजारच्या खुर्चीतून तिच्यापर्यंत हात पोचवू शकेल का, की मध्ये भिंत आहे? एका आखाती कंपनीच्या विमानात प्रत्येक बिछान्याला सरकतं दार होतं, एखाद्या छोट्या खोलीसारखं. बाकीच्यांना त्या दाराचं केवढं अप्रूप असतं. पुंजाभाऊ म्हणाले, “दार लावल्यावर तिनं हाक मारली तर?” मी तीन कंपन्यांना फोन लावून विचारलं. माझ्या चिडक्या स्वभावाला त्या दिवशी काय झालं होतं कोण जाणे, एकदाही आवाज चढला नाही.

शेवटी दोन विमानं उरली. एक त्या आखाती कंपनीचं; दार उघडं ठेवता येतं असं फोनवर कळलं होतं. रविवारी निघणारं, म्हणजे अवघ्या तीन दिवसांनी, आणि सपाट होणाऱ्या दोन जागा शेजारी शेजारी मोकळ्या, आणि त्यामागची एक आरोहीसाठी. पण ते मध्ये उतरायचं. पावणेतीन तास थांबून दुसऱ्या विमानात बसायचं. दुसरं थेट मुंबईला येणारं. एकदा झोपवलं की पंधरा-सोळा तासांनी मुंबईतच उठवायचं. पण त्यातल्या सपाट जागा भरलेल्या होत्या. मोकळ्या मिळत होत्या त्या पुढच्याच्या पुढच्या मंगळवारी. दोन विमानांत नऊ दिवसांचं अंतर.

डॉक्टरांचा कागद जीवनने पाठवला होता. मी तो मोठ्याने वाचून मराठीत सांगितला. रुग्ण साधारण तीन आठवडे प्रवास करू शकेल असं आज वाटतं, पण जितक्या लवकर करता येईल तितका करावा.

“म्हंजी मंगळवार तीन आठवड्यांच्या आतच हाय,” पुंजाभाऊ म्हणाले.

“आधीचं घ्या,” झुंबरबाई म्हणाल्या. त्या उभ्या राहिल्या होत्या. “आली की आली. मधी तरास व्हईल तो तीन तासांचा. घरी आल्यावर मी बघते तिला.”

पुंजाभाऊंनी उत्तर दिलं ते मला. त्यांनी एका कंटेनरची गोष्ट सांगितली. काही वर्षांपूर्वी त्यांनी स्वतः उभं राहून भरलेला माल. बाग उत्तम, गोडी उत्तम, एक मणी डागी नव्हता. तो कंटेनर मधल्या एका बंदरात उतरवून दुसऱ्या जहाजावर चढवला, आणि त्या चढ-उतारात काही तास त्याची वीज बंद राहिली. रॉटरडॅमहून फोटो आला. खोकी जशीच्या तशी होती. आत घडाचे देठ उभे आणि मणी सगळे तळाशी. “बागंत काय चूक नव्हती ताई. पॅकिंगमधी नव्हती. मधी हात लागला, त्यानं गेलं. तवापासून मी मालकाला सांगतो, चार दिवस उशिरा जाऊ द्या, पन थेट जाऊ द्या.”

“ती काय द्राक्षं हाय का?” झुंबरबाई म्हणाल्या.

“तुला यातलं नाय कळत,” पुंजाभाऊ म्हणाले. रागाने नव्हे, अगदी मऊ आवाजात. मग माझ्याकडे वळले. “तुमी काय म्हंता ताई?”

मला बोलता आलं असतं. कुठल्याही दुसऱ्या गिऱ्हाइकाला मी टेबलावर हात आपटून सांगितलं असतं की डॉक्टरने ‘लवकर’ लिहिलंय, रविवारचं घ्या आणि मोकळे व्हा. पण हा माणूस आयुष्यभर नाजूक वस्तू सातासमुद्रापार नीट पोचवत आला होता. मुलीने विश्वास टाकला होता तो त्यांच्या हातावर. मी कोण मध्ये बोलणारी? आणि खरं सांगायचं तर मला त्यांचं पटलंही होतं. मी म्हटलं, “दोन्ही चांगली आहेत भाऊ. तुम्ही ठरवा.”

त्यांनी थेट विमान निवडलं.

पुढचे दिवस ते रोज माझ्याकडे यायचे. हादरे कमी बसावेत म्हणून मागितलेला पंखाजवळचा खुर्चीचा नंबर मिळाला की नाही, ऑक्सिजन कोण देणार, कंपनीच्या डॉक्टरांचा फॉर्म मंजूर झाला का. विमान कुठे पोचलं ते मोबाईलवर नकाशात कसं बघायचं, हे मी त्यांना शिकवलं. मंगळवारी घरी बसून बघता येईल म्हणून. नवीन काहीतरी हाती आल्यासारखे ते रोज वेगवेगळी विमानं शोधून सरावाला बघायचे. मुंबईहून आणायला अँब्युलन्स ठरवली, तर त्या अँब्युलन्समध्ये स्वतः स्ट्रेचरवर झोपून मुंबईपर्यंत जाऊन आले. जाताना जुन्या घाटातून आणि येताना समृद्धी महामार्गावरून. कुठे पाठीला दणका बसतो ते ड्रायव्हरला ओरडून सांगत होते म्हणे, आणि त्याला तिथे वेग कमी करायला लावत होते. ड्रायव्हर मला म्हणाला, बाई, मी आजवर धडधाकट माणसाला असं कधी फिरवलं नव्हतं. घरात खिडकीखाली कॉट सरकवली. झुंबरबाईंनी जुन्या मऊ लुगड्यांच्या दोन गोधड्या शिवून काढल्या.

एकदा सकाळी रूपालीचाच फोन आला. आवाज इतका बारीक झाला होता की आधी मला आरोही वाटली. “मावशी, नाना फार छळतात का हो तुम्हाला?”

मी म्हटलं, छळतात, पण बाकीच्यांपेक्षा गोड छळतात.

ती हसली, मग बराच वेळ धापा टाकत राहिली. “मला कुठलंही चाललं असतं. रविवारी निघाले असते तर आज घरी असते, असं मध्येच वाटतं. पण नानांना नका सांगू. त्यांनी एवढं बघून निवडलंय ना, मग मी थांबते.”

मी नाही सांगितलं. तिला म्हटलं, मंगळवार आलाच बाळा.

मंगळवारच्या आधीच्या रविवारी सकाळी जीवनचा फोन आला. रात्रीतून फुफ्फुसांत पाणी झालं होतं. तिला अतिदक्षता विभागात हलवलं होतं. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी काढून घेतली. मी कंपनीला कळवलं, आणि मग आडगावला गेले, कारण ही गोष्ट फोनवर सांगायची हिंमत माझ्यात नव्हती. पुंजाभाऊ ओट्यावर पायांतल्या चपला घालत होते. अँब्युलन्सवाल्याला शेवटचं सांगून यायचं म्हणून निघाले होते. माझं ऐकून घेतलं, आणि पुन्हा चपला काढल्या, आणि विचारलं, “बुधवारचं मिळंल?”

शुक्रवारी ती गेली. चौतीस वर्षांची.

तिथले विधी त्यांनी मोबाईलवर बघितले. घर माणसांनी भरलं होतं. कोणीतरी मोबाईल भिंतीला टेकवून उभा केला होता आणि चित्र सारखं अडकत होतं. झुंबरबाई एकदाच किंचाळल्या. पुंजाभाऊ रडलेही नाहीत. मला त्यांचीच जास्त भीती वाटली.

चौथ्या दिवशी ते माझ्या ऑफिसात आले. जीवन आणि आरोही अस्थी घेऊन येणार होते. रामकुंडावर सोडायच्या होत्या. जीवनने सवयीने विचारलं होतं, नाना, कुठल्या विमानाने येऊ? मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. पुंजाभाऊंनी स्क्रीनकडे बघितलंच नाही.

“जे आधी निघंल ते,” ते म्हणाले.

“मध्ये दोनदा बदलावं लागेल भाऊ.”

“चार ठिकानी उतरवलं तरी चालंल आता.”

माझ्या हातून ते तिकीट काढलं जाईना. अक्षरं दिसत नव्हती. पुंजाभाऊ थांबून राहिले, मला पाणी आणून दिलं, आणि तिकीट निघाल्यावर गेले.

जीवन आला, अस्थी सोडल्या, दहा-बारा दिवस राहिला, आणि आरोहीच्या शाळेसाठी परत गेला. द्राक्षांचा हंगाम संपत आला. एप्रिलमधल्या एका दुपारी झुंबरबाई एकट्या बसने माझ्याकडे आल्या. या बाईने मला इतक्या वर्षांत कधी आपण होऊन दहा वाक्यं बोलून दाखवली नव्हती. त्या दिवशी मात्र पदराने तोंड पुसून सरळ सुरुवात केली.

“ते कामावर जाईनात. मालक दोनदा येऊन गेले. ताटावर बसत्यात आन्‌ हात धुऊन उठत्यात. दिवसभर तो मोबाईल. त्यात ते दुसरं इमान बघू राह्यले.”

“कुठलं दुसरं?”

“मधी उतरनारं. आपन घेतलं नाय ते. रोज बघत्यात, आज कवा निघालं, कवा उतरलं. रोज येतं ते ताई. एक दिवस चुकत नाय.” मग म्हणाल्या, “मला तोंड दाखवत नायती. मी एक शबूद बोलले नाय त्यांना. देवाशप्पथ. आन्‌ बोलनार पन नाय. पन मी त्या दिवशी हितं बोलले व्हते ना, आधीचं घ्या म्हनून, ते त्यांच्या कानातून जाईना.”

मी विचारलं, मी काय करू?

“तुमी सांगा त्यांना, त्या रविवारचं ते इमान अडकलं व्हतं म्हनून. मधीच बंद पडलं, लोकं दोन दिवस बाकड्यावर बसून व्हती. आपली रूपा त्यात असती तर तिचे हाल झाले असते. तुमचं ऐकतील ते. तुमी या धंद्यातल्या.”

“झुंबरबाई, ते विमान वेळेवर आलंय.”

“मला माहीत हाय,” त्या म्हणाल्या. “जीवनला इचारून घेतलं मी. त्यातून आनलं असतं तर माझी पोरगी बारा दिवस माझ्यापाशी असती. मला सगळं माहीत हाय. पन ती गेली. आता हे बी चाललेत. मी काय करू सांगा?”

त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. डोळे नुसते लाल होते. मी बरं म्हटलं. या धंद्यात मी लोकांना छोटी-मोठी खोटी आश्वासनं पुष्कळ दिली आहेत, खिडकीची जागा नक्की मिळेल, जेवण छान असतं, तेव्हा हेही जमेल असं मला वाटलं. आणि मला स्वतःलाही ते हवं होतं. ‘तुम्ही ठरवा’ म्हणणारी मीच होते ना.

दुसऱ्या दिवशी एक सही राहिली असं सांगून मी पुंजाभाऊंना बोलावून घेतलं. ते आले. टोपी तीच, पण खाली चेहरा उरला नव्हता. खिसा रिकामा होता. मी चहा मागवला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हटलं, “बरं झालं भाऊ आपण त्या रविवारच्या विमानाने नाही आणलं तिला. मला आत्ता कळलं. मध्ये बिघाड होऊन अडकून पडलं होतं ते. माणसांना दोन दिवस तिथेच ठेवलं होतं. आजारी माणसांचेसुद्धा हाल झाले. धड बिछाने नाहीत, औषधं नाहीत.”

मी चांगलं सांगितलं. हातवारे करून, एका म्हाताऱ्या प्रवाशाला कशी चक्कर आली तेसुद्धा घालून. पुंजाभाऊ शेवटपर्यंत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी कप बशीत नीट ठेवला.

“ताई, ते सोमवारी उतरलं. दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. येळेच्या वीस मिनिटं आधी.” आवाज तसाच हळू. “तुमी मला शिकवलं तवा सरावाला तेच बघितलं व्हतं. बरं उतरलं म्हनलं. आपलं पन असंच उतरंल.”

मी टेबलावरचे कागद सारखे करू लागले.

“तुमी असं बोलनाऱ्या नाय,” ते म्हणाले. “झुंबर आली व्हती का हितं?”

मी चहाचे कप उचलून बाजूला ठेवले. त्यांना कळलं. त्यांनी टोपी काढली, दोन्ही हातांनी ती तोंडावर दाबून धरली, आणि एवढ्या दिवसांनी तो माणूस रडला. खांदे हलत होते, आवाज टोपीत जात होता. “मी तिला म्हनलो, तुला यातलं नाय कळत,” एवढंच एक वाक्य मधून मधून ऐकू येत होतं. बाहेरून कोणी येऊ नये म्हणून मी दार लावून घेतलं आणि दाराशी उभी राहिले. मलाही रडू आवरलं नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं, टोपी झटकून डोक्यावर घातली आणि उठले. दारापाशी आल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला फोन करा ताई. सांगा, मला पटलं म्हनून.”

ते समोरच्या बसस्टँडकडे गेले. मी झुंबरबाईंना फोन लावला आणि सांगितलं, “पटलं त्यांना.”

“मंग भाकरी टाकते,” झुंबरबाई म्हणाल्या. “आज खातील ते.”